पोटासकट एक तिकीट

अण्णाच्या खिशात कायम पंच असायचा. रेल्वेतून निवृत्त होऊन वर्षं झाली होती, टीसीचा काळा कोट उंदरांनी खाल्ला होता, पण तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी चिमटा काही खिशातून गेला नाही. समोर येईल त्याला भोक. लग्नाची पत्रिका दिली की आधी कोपऱ्यात भोक, मग वाचायची. विजेच्या बिलाला भोक. एकदा देवळात प्रसादाचा शिरा दिला, तर आधी द्रोणाला भोक पाडलं, आणि मग तूप गळून धोतरावर सांडलं म्हणून पुजाऱ्याशी भांडला.

तोंडावर मी त्याला 'अण्णा, तुम्ही' म्हणायचो आणि पाठीमागे 'तो'. आता तो नाही, म्हणजे सगळं पाठीमागंच चाललंय. तेव्हा 'तो'च राहू दे.

माझं सांगायचं तर मी हुबळीतला मंडपवाला. मालक दुसरा, खांब खांद्यावर घेणारा मी. शाळा चौथीत सुटली. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही आणि मला गप्प बसायची सवय नाही, म्हणून लिहितोय. पण आज रडगाणं सांगायचं नाही. आज गाणं सांगायचंय.

अण्णा मोजायचा कानडीत, शिव्या द्यायचा रेल्वेच्या हिंदीत, आणि गाण्याबद्दल बोलायचं असलं की मराठीत यायचा. सगळी नोकरी त्यानं लोंढा-हुबळी मार्गावर काढली. धारवाडला मैफिलीला येणारे मोठमोठे गवई त्याच्या डब्यात बसून आले. त्यांची तिकिटं यानं तपासली, त्यांचे तानपुरे यानं उतरवून दिले, आणि ते गायला बसायचे तेव्हा हा परतीच्या गाडीत. "सगळ्या गवयांना मी पोचवलं, रे," तो म्हणायचा, "आणि ऐकलं एकालाही नाही. गाणं सुरू व्हायच्या टायमाला मी अळणावरला." म्हणून निवृत्त झाल्या झाल्या त्यानं ठरवलं, वर्षातनं एक मैफल आपण करायची. पैसा मिळवायचा नाही, बुडवायचाही नाही.

जागा मिळाली ती जुन्या हुबळीतल्या एका जिनचं, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीचं गोदाम. कापसाचा हंगाम संपला की रिकामं पडायचं. मी जमखाने अंथरायचो, कर्णे बांधायचो आणि मग दारात उभा राहून तिकिटं घ्यायचो. वासे झाडले तरी कापूस कुठंतरी राहायचाच. वरची तान घेतली की वरनं एक पिंजलेला पुंजका अलगद खाली यायचा आणि लोक म्हणायचे, वा. ते वा गवयाला की कापसाला, कळायचं नाही.

तिकिटाच्या दरावरनं पहिल्या वर्षीच भांडण. पुढं बसणाऱ्याला जास्त, मागं बसणाऱ्याला कमी, हे सगळ्या जगाचं गणित. अण्णाला ते मान्य नव्हतं. त्याचं गणित असं, की जो लांबनं येईल त्याला स्वस्त आणि जवळचा असेल त्याला महाग. लांबचा माणूस एक दिवस मोडून, गाडीभाडं भरून येतो, त्याचं अर्धं तिकीट त्यानं वाटेतच भरलेलं असतं. बसायचं कुठंही, जो आधी येईल तो पुढं. घराच्या खिडकीला त्यानं सुतार लावून बुकिंग ऑफिससारखा अर्धगोल खाच पाडून घेतली होती. त्यातनं हात घालून लोकांनी आपलं रेल्वेचं नाहीतर बसचं तिकीट दाखवायचं, त्यावरनं दर. समोरच्याच गल्लीत एक वकील राहायचे, त्यांना सगळ्यात महाग. ते तणतणत आले, मी काय गुन्हा केला म्हणून. अण्णा म्हणाला, "जवळ राहिलात."

मला तर हे गणित लई आवडलं. पण ते गॉगललाही आवडलं.

गॉगल म्हणजे हुबळीतला ब्लॅकवाला. खरं नाव त्याच्या आईलाच ठाऊक. डोळ्यांवर निळा चष्मा, ऊन असो नसो. थिएटरवर नवीन सिनेमा लागला की तिकिटं खिडकीत नसायची, त्याच्याकडं असायची. त्यानं काय केलं, स्टेशनावर जाऊन उभा राहिला. अळणावरकडनं बाजाराला आलेल्या माणसांना गिरमिट आणि मिरची भजी खायला घातली, आणि त्यांच्याच हातांनी अण्णाच्या खिडकीतनं स्वस्तातली सगळी तिकिटं उचलली. अण्णा खूश. मला म्हणाला, बघ, खेड्यापाड्यांत गाण्याची काय भूक आहे.

मैफलीच्या दिवशी खेड्यापाड्यांतला एक माणूस आला नाही. आले ते बाजारपेठेतले दुकानदार, चौपट पैसे मोजून, पानं चघळत. पुढच्या रांगेतल्या एकाचं घोरणं तंबोऱ्यात बरोबर मिसळलं. आणि धारवाडहून आलेली गाण्यातली खरी माणसं बाहेर रस्त्यावर, भिंतीला कान लावून. अण्णा भिंतीपाशी जाऊन एकेकाची माफी मागत होता. गाणं त्या वर्षीही त्यानं ऐकलं नाहीच. गॉगल जाताना म्हणाला, "अण्णा, पुढच्या वर्षी दर जरा वाढवा की, आम्हालाच लाज वाटते."

ते बोलणं अण्णाला लागलं. दुसऱ्या वर्षासाठी त्यानं असा एक कायदा काढला, की हुबळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तिकिटावर नंबर नाही, नाव नाही. तिकीट घ्यायला आलेल्या माणसाला खिडकीसमोर उभं करायचं, डावीकडं वळा, उजवीकडं वळा म्हणायचं, मुलगी बघायला आल्यासारखं न्याहाळायचं आणि पाठीमागं त्याची खूण लिहायची. दारात मी ती मोठ्यानं वाचायची. जुळली तर आत, नाही जुळली तर घरी. नाव कोणीही सांगेल, त्याचं म्हणणं, तोंड कुठनं आणेल?

काय काय लिहायचा तो. 'भुवया दोन नाहीत, एकच.' 'उजवा पाय प्लॅस्टरमध्ये.' 'केस पांढरे, मिशी काळी, कारण विचारू नये.' वकिलांच्या तिकिटावर 'पोट आधी, वकील मागून'. त्यांनी फाडून टाकतो म्हणून धमकी दिली. पण फाडलं नाही, कारण त्या वर्षी बाई गाणार होत्या.

बाई म्हणजे कोण, ते मी सांगायची गरज नाही. हुबळी-धारवाडला 'बाई' म्हटलं की लोक मान जराशी खाली घालायचे. वय झालं होतं. परगावच्या मैफिली बंद केल्या होत्या. अण्णानं महिनाभर त्यांच्या पायरीवर बसून हो म्हणवून घेतलं होतं.

आता माझी बायको. ती रोट्टी खानावळीत भाकऱ्या थापायची. तिथं एक रेडिओ होता. बाईंचा आवाज लागला की हिची तव्यावरची भाकरी करपायची आणि मालकीण ओरडायची. रागाचं नाव एक येत नव्हतं तिला. मी चिडवायचो, तुला काय कळतं त्यातलं? ती म्हणायची, "गाणं नाही कळत. ती बाई माझ्याशी बोलते एवढं कळतं." ह्या मैफलीला जायचंच, असं तिनं मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

मी अण्णाकडं पास मागितला. दारातला माणूस मी, एवढा हक्क नाही? अण्णा म्हणाला, रेल्वेमंत्री आला तरी पास नाही. मग ती स्वतःच खिडकीत गेली. दिवस भरत आलेले. खिडकीतनं हात आत गेला, पण पोटामुळं तिला पुढं सरकता येईना. अण्णानं पत्ता विचारला. पलीकडची गल्ली, म्हणजे महाग दर. ती म्हणाली, "माझं माहेर अळणावरकडं. आणि ह्या पोटातल्याचं म्हणाल, तर हे किती लांबनं आलंय कुणाला ठाऊक."

अण्णानं अळणावरचा दर लावला आणि मागं लिहिलं, 'पोटुशी. पोट मोठं, माणूस लहान. बांगड्या हिरव्या.' खानावळीत ते तिकीट हातोहात फिरलं. बायका हसून हसून पिठात पडल्या.

आणि मैफलीच्या तोंडावर बाईंचा घसा बसला.

मैफल पुढं गेली. अण्णानं दारावर पाटी लावली, तिकिटं जपून ठेवा, तीच चालतील. ती पाटी लावताना त्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्या आलं नाही, अख्ख्या हुबळीत कुणाच्या आलं नाही, की तिकिटं तीच राहतील, माणसं कशी राहतील? बायको माहेरी गेली, मुलगी झाली, सव्वा महिना उलटला. मग बाईंचा निरोप आला, आता गाते.

त्या संध्याकाळी दारात जे झालं ते मी म्हातारपणी एकटा असतानाही आठवून हसतो. पहिलाच माणूस. मी वाचलं, 'उजवा पाय प्लॅस्टरमध्ये.' समोरचा दोन्ही पायांवर धडधाकट. त्यानं पिशवी उघडली आणि कापलेलं अख्खं प्लॅस्टर माझ्या हातात दिलं. 'केस पांढरे' लिहिलेला मेंदी लावून लालभडक झालेला, मुलीचं लग्न काढलेलं. 'झुपकेदार मिशी'वाल्याचं डोकं, मिशी, सगळं सफाचट. घरात सुतक झालं होतं. त्याला काय म्हणायचं? मागं रांग वाढत चाललेली आणि वाद्यं लावल्याचा आवाज आतनं येतोय.

त्यात गॉगल. त्यानं मधल्या दिवसांत काय केलं, लोकांच्या तिकिटांवरच्या खुणा पाठ केल्या आणि त्या खुणांची गिऱ्हाइकं शोधली. बसस्टँडवर जाऊन म्हणे माणसं अडवायचा, "साहेब, जरा टोपी काढा, टक्कल आहे का?" ज्याची खूण बदलली त्याच्याकडनं तिकीट घ्यायचं आणि ज्याला जुळते त्याला चढ्या भावात द्यायचं. म्हणजे खरा मालक बाहेर आणि खोटा आत, आणि तेही अण्णाच्याच कायद्यानं. एकभुवईवाला एक माझ्यासमोरनं ताठ मानेनं आत गेला. मला तो आधी कधी दिसला नव्हता, पण भुवई एकच होती. मी काय करणार?

मग माझ्या हातात ते तिकीट आलं. मी सवयीनं वाचायला लागलो, 'पोटुशी. पोट मोठं, माणूस लहान,' आणि वर बघितलं. बायको. पॅसेंजरनं थेट आलेली, केस धुळीनं भरलेले, पोट सपाट, खांद्यावर झबल्यातली लेक.

मी म्हणालो, "जुळत नाही."

"काय जुळत नाही? नवरा आहात की कोण?"

"दारात मी नवरा नाही."

रांग हसली. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि आत बाईंनी पहिला सा लावून बघितला होता. तो तिनं ऐकला. ऐकलेला तो मला तिच्या तोंडावर दिसला.

तेवढ्यात गॉगल पुढं. त्याच्याबरोबर एक बाई होती, कुठल्या साहेबाची बायको, दिवस भरलेली, हातात नव्या कोऱ्या हिरव्या बांगड्या. बिचारी लाजून अर्धी झाली होती. गॉगल माझ्या बायकोला म्हणाला, "अक्का, हट्ट कशाला? तुमचं तिकीट आता तुमचं नाही. ह्यांना जुळतंय बघा. मागाल ते देतो, पोरीला सोन्याचे डूल करा." मग अण्णाकडं वळला. "अण्णा, कायदा तुमचा. सांगा सगळ्यांसमोर, ह्या तिकिटावर आत कोण जाणार?"

अण्णा दाराच्या बाजूला पंच घेऊन उभा होता. त्याचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. बरोबर तर गॉगलचंच होतं. अण्णानंच लिहिलं होतं, अण्णाच्याच अक्षरात. आता 'आत जा' म्हटलं तर कायदा गेला, आणि 'घरी जा' म्हटलं तर हा सगळा उपद्व्याप कुणासाठी केला?

बायकोनं तिकीट माझ्या हातातनं ओढून घेतलं आणि अण्णासमोर धरलं. दुसऱ्या हातानं लेक पुढं केली.

"अण्णा, खिडकीतनं तुम्ही बघितलंत ते पोट हे. तेव्हा आत होतं, आता हातात आणलंय. तुम्ही लिहिलेलं सगळं घेऊन आलेय मी. काही मागं ठेवलेलं नाही."

अण्णानं चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. लेकीकडं वाकून बघितलं.

"रडते?"

"रडते की. तुमच्यासारखी, कारण नसताना."

त्यानं पंच उघडला आणि तिकिटाला भोक पाडलं. इतका मोठा आवाज त्या चिमट्याचा मी कधी ऐकला नव्हता. "तिकीट खरं आहे," तो म्हणाला. "तू आत जा. पोट इकडं दे. मला तपासायचंय."

आणि लेक खांद्यावर टाकून माझ्या शेजारी उभा राहिला. मला म्हणाला, आता वाचू नकोस. आयुष्यभर डब्यातली तोंडं बघितलेला माणूस तो. कागदाकडं न बघता एकेकाच्या तोंडाकडं बघून कानडीत निकाल द्यायला लागला. "हौदु." आत. "हौदु." लाल केसांचा आत, प्लॅस्टरवाला पिशवीसकट आत, वकील आत. टक्कलवाला आला. "अल्ल." तू नव्हतास. घरी. मग आत घुसलेल्या एकभुवईवाल्याला कॉलर धरून बाहेर काढला. डाव्या खांद्यावर लेक, उजव्या हातात तो. ते तिकीट मुळात ज्याचं होतं तो लाजत लाजत आला, दोन भुवयांचा, न्हाव्यानं मधली काढलेली. "हौदु." गॉगलचं एकेक गिऱ्हाईक गळत गेलं आणि रस्त्यावर उभी असलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी बी वाजवल्या, तिकिटं काखेत धरून.

साहेबाच्या त्या दिवस भरलेल्या बायकोला अण्णा 'अल्ल'च म्हणाला. पण जमखान्याच्या वळकटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, इथनं बाईंचा आवाज चांगला येतो, पैसे पडत नाहीत. गॉगल घरी गेला असता तर शोभलं असतं. गेला नाही. कडेला उकिडवा बसला, आणि थोड्या वेळानं चष्मा काढला. डोळे भले मोठे होते त्याचे. आम्ही कधी बघितलेच नव्हते.

बाई गायल्या. काय गायल्या ते मला विचारू नका, राग-ताल मला तेव्हाही कळत नव्हता. मी दाराच्या फटीतनं बघत होतो. आत सगळ्यांचे डोळे मिटलेले. गाण्यातली माणसं डोळे मिटून डोलतात, तशी सगळी डोलत होती, वकीलसुद्धा. फक्त एक माणूस टक्क डोळे उघडे ठेवून बसलेलं. माझी बायको. फलाटावर गाडी येताना बघतात, कोण उतरतं ते बघतात, तशी. पापणी हलत नव्हती.

लेक रडली. रडणारच. अण्णा तिला घेऊन जिनच्या आवारात फेऱ्या मारत राहिला. दाराजवळ यायचा, फटीतनं एक डोळा लावायचा, ती कुरकुरली की परत लांब जायचा. पायरीवर महिनाभर बसून ज्या बाईंना आणलं, त्यांच्या गाण्याचा एक तुकडासुद्धा त्याला सलग मिळाला नाही. मैफल संपली तेव्हा लेक झोपली होती आणि झबल्याला कोपऱ्यात एक भोक होतं.

मी म्हणालो, "अण्णा, तुमचं गाणं राहिलं की."

तो म्हणाला, "सवय आहे. पोचवलं ना बाईंना?"

पुढच्या वर्षी बायको परत खिडकीत गेली. लेक कडेवर. दुसरा कुणी गवई गाणार होता. अण्णानं तिला वळा-बिळा म्हटलं नाही, मान वरही केली नाही, सरळ लिहिलं. दारात मी वाचलं, 'ऐकताना डोळे मिटत नाही.'

मी अण्णावर वैतागलो. म्हटलं, हे दारात कसं तपासू मी? ही खूण आत गेल्यावरची.

"मग आत सोड," तो म्हणाला, "आणि बघ."

मैफिली काही वर्षं चालल्या. दर तेच, उलटे. पुढं अण्णा सगळ्यांच्याच तिकिटावर आत गेल्यावरच्या खुणा लिहायला लागला, तेव्हा गॉगलनं नाद सोडला. असल्या खुणांची गिऱ्हाइकं कुठनं आणणार होता? अण्णा गेला तेव्हा पंच त्याच्याबरोबर द्यावा म्हणून मी भांडलो. भटजी लोखंड नको म्हणाले. तो आमच्याकडंच राहिला. लेकीनं शाळेची सगळी पुस्तकं भोकं पाडून वाचली.

गेल्या उन्हाळ्यात बायको अंथरुणाला खिळली. बोलणं बंद झालं होतं. लेक आली होती. तिनं मोबाईलवर बाईंचं जुनं गाणं शोधून काढलं आणि उशाशी लावलं. दुपारची वेळ. बायकोनं डोळे उघडले. तेच, टक्क. लेक मला म्हणाली, अप्पा, बघा, आईला बरं वाटतंय. मी बघत बसलो. बाई वर चढत गेल्या, हिचे डोळे उघडे. खाली आल्या, उघडे. मग गाणं चालू असताना, मधेच, ते मिटले.

लेक म्हणाली, झोप लागली वाटतं.

मी दारात उभा राहिलेला माणूस. मी तिला म्हटलं, "बंद कर, बाळ. ती ऐकत नाही."